पियानोच्या वाटेत

दादाच्या बँडमध्ये गिटारला एकच नियम होता: पियानोच्या वाटेत यायचं नाही. नियम दादाने केलेला, पियानो दादाच वाजवायचा, आणि गिटार वाजवणारी त्याची सख्खी धाकटी बहीण. त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

तिला सगळे मुंगी म्हणत. लहानपणी एकच कॉर्ड दिवसभर घोकत बसायची म्हणून दादाने ठेवलेलं नाव. आता चाळिशी उलटली, वाचायला चष्मा लागला, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. गुरुवारी संध्याकाळी गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत बँडचा सराव असायचा, आणि रविवारी दुपारी नदीकाठच्या हॉटेलात लोक जेवत असताना चौघं जण जॅझ वाजवायचे. ड्रमवर गॅरेजमध्ये काम करणारा एक गडी होता, त्याच्या नखांतलं काळं कधी जायचं नाही. उभ्या बासवर मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, अंगाने काडी आणि उंचीने बासएवढेच. "लांबून लोकांना कळत नाही, कोण कोणाला वाजवतंय ते," असं स्वतःच म्हणायचे.

मुंगीला गिटार दादानेच शिकवलं होतं, पण हात राखून. दोन, फार तर तीन सूर एकदम छेडायच्या कॉर्ड. ठेक्यावर हलकेच टिचकी मारल्यासारख्या वाजवायच्या आणि बाजूला व्हायचं. बाकीचं रान पियानोचं. त्या रानात दादा काय करायचा ते मुंगी वर्षानुवर्षं ऐकत आली होती. कागदावर एकच कॉर्ड लिहिलेली असायची, आणि दादाच्या बोटांखाली तीच कॉर्ड चालायला लागायची. एक पाऊल बाहेर, एक पाऊल आत, पुन्हा बाहेर, आणि गाणं मात्र जागचं हलायचं नाही. ती विचारायची, "दादा, हे कसं करतोस?"

"अगं, बीबॉप स्केल आहे ते, जॅझचा सुरांचा जिना. सात सुरांत एक जास्तीचा घालायचा, पाचव्या आणि सहाव्याच्या मधला. आठ झाले की धावती ओळ ठेक्यावर बरोबर पडते. आणि आठांच्या कॉर्डही वेगळ्या होतात."

"गिटारवर होतील?"

"तुला काय करायच्यात? मी आहे ना."

मी आहे ना, म्हटल्यावर विषय संपायचा. मुंगी घरी जाऊन थोडं थोडं स्वतः शोधायची. सी, ई, जी, ए हे चार सूर गिटारच्या गळ्यावर चार वेगवेगळ्या ठिकाणी धरता येतात, एवढं तिला सापडलं होतं. मधल्या जागांत काय आहे ते मात्र अंधुकच होतं, आणि बँडमध्ये वाजवायची तर सोयच नव्हती.

मग सरावाच्या खोलीतला पियानो बेसूर झाला. निदान दादाचं म्हणणं तसं होतं. सूर लावणारा आला, त्याने झाकण उघडलं, निम्मा दिवस तारा पिळल्या आणि गेला. गुरुवारी दादा पहिल्याच गाण्यात थांबला. "हा माणूस बहिरा आहे का? खालचे सगळे सूर घाण झालेत." पुन्हा सूर लावणाऱ्याला बोलावलं. त्याने सगळे सूर यंत्रावर दाखवले आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, पियानो ठीक आहे." दादाने त्याला दारापर्यंत सोडलंही नाही. दुसरा माणूस आणला. तोही तेच म्हणाला.

मग दोष गिटारकडे आला. "मुंगे, तुझा तो मधला सूर खाली पडतोय." तिने तार चढवली. "आता वर गेला." तिने उतरवली. ड्रमरने मान खाली घालून हसू दाबलं तर दादा त्याच्यावर खेकसला, जणू ड्रमही बेसूर झाले होते. दादाचा स्वभाव तापट होता, पण संगीतात तो कधी अन्यायाने बोलायचा नाही. मुंगीला तेच खुपत राहिलं.

एकदा दुकानात एक बाई आल्या. म्हणाल्या, "मला अक्षरं एकावर एक दिसतात." मुंगीने सवयीने काळ्या पट्टीने त्यांचा एक डोळा झाकला, मग दुसरा. एका डोळ्याने अक्षरं नीट होती, दुसऱ्याने तिरकी. बाई निघून गेल्या तरी मुंगी ती काळी पट्टी हातात धरून बसली होती.

त्या गुरुवारी बाकीचे गेल्यावर ती म्हणाली, "दादा, एक कान झाक."

"काय?"

"झाक तर. उजवा."

तो हसला. मुंगी लहान असताना तिच्या हट्टाला हसायचा तसाच. त्याने बोट घातलं. तिने एक मोकळी तार छेडली.

"ए आहे. मग?"

"आता डावा झाक."

तिने तीच तार पुन्हा छेडली. दादाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेल्यासारखं झालं.

"तू खुंटी पिळलीस."

"नाही रे."

"पुन्हा वाजव."

तिने वाजवली. त्याने बोट या कानातून त्या कानात, त्या कानातून या कानात केलं. पुन्हा वाजव, पुन्हा वाजव. शेवटी तो उठला आणि पियानोवर तोच सूर स्वतः दाबून बसला. उजव्या कानात तो सूर जवळजवळ अर्ध्या पायरीने वर होता. एक माणूस दोन पियानो ऐकत होता.

"डॉक्टरकडे जाऊ," मुंगी म्हणाली.

"सर्दी असेल."

"दादा, सर्दीने..."

"मुंगे." त्याने पियानोचं झाकण लावलं. "हे कुणाला सांगायचं नाही. वहिनीला नाही, मास्तरांना नाही. माझी शपथ आहे तुला."

आणि तिने ऐकलं. दादाचं न ऐकायची तिच्या हातांना सवयच नव्हती.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. दादा उजव्या कानात कापूस घालून वाजवायला लागला. बोटांना वाट पाठ होती, म्हणून चुका फारशा होत नव्हत्या. पण तो जोरात वाजवायचा, अंधारात चालणारा माणूस पाय आपटत चालतो तसा. कापसाने खालचे सूर काही थांबत नव्हते, आणि खालचे सूर म्हणजे मास्तर. एका गुरुवारी दादाने गाणं मधेच तोडलं.

"मास्तर, निवृत्ती शाळेतून घेतलीत की कानांतूनही?"

मास्तर आधी हसले. त्यांना चेष्टा वाटली. "का रे? सूर हललाय का?"

"कधीपासून हललाय. वय झालं की माणसाने आपण होऊन थांबावं."

खालच्या दुकानात कुणीतरी गादी बडवत होतं ते वर ऐकू आलं. मास्तरांनी मुंगीकडे पाहिलं. त्यांचा तिच्या कानांवर विश्वास होता. तिने हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, नाही म्हटलं असतं तरी मानलं असतं. मुंगीने गिटारच्या खुंटीकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. मास्तरांनी बास खोळीत घातला. एकट्याने बास जिन्यावरून खाली न्यायला त्यांना बराच वेळ लागला. ड्रमर मदतीला धावला तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

त्या रविवारी हॉटेलात तिघंच होते. बास नसल्याने गाणी पोकळ वाटत होती. एका संथ गाण्याच्या मध्यावर दादाचे हात थांबले. मुंगीने वळून पाहिलं. त्याने पियानोची कड गच्च धरली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला, तिच्याकडे न बघता हाताने 'चालू ठेव' अशी खूण केली आणि भिंतीला धरत धरत मागच्या दाराने बाहेर गेला.

ड्रमर ड्रमवर तारांचे ब्रश फिरवत राहिला. मुंगीने तिच्या त्या दोन सुरांच्या कॉर्ड वाजवल्या. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये रिकाम्या ताटावर चमचा वाजावा तशा वाजल्या. जेवणाऱ्या दोन-चार जणांनी मान वर केली. तेव्हा तिने, घाबरूनच, घरी घोकलेली चार सुरांची कॉर्ड धरली. गळ्यावरच्या पाचव्या पट्टीवर, फ्रेटवर, एक बोट आडवं: जी, सी, ई, ए. मग त्याच सुरांच्या वरच्या जागेकडे जाताना हात घाईत मधेच टेकला, आणि बोटांखाली दादाची ती 'बाहेरची' कॉर्ड आली. अशी आली, जणू इतकी वर्षं तिथेच बसून होती. मुंगीला आपल्याच हाताचं आश्चर्य वाटलं. ती आत गेली, बाहेर गेली, पुन्हा आत गेली. कॉर्ड चालायला लागली. ड्रमरने भुवया उडवल्या आणि ठेका घट्ट धरला.

गाणं संपलं. दादा आलेला नव्हता. टाळ्या वाजल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच. त्या क्षणी गिटार खाली ठेवून बाहेर जाऊन बघणं एवढंच करायचं होतं. मुंगीने ते केलं नाही. तिने ड्रमरला पुढच्या गाण्याचा वेग मोजून दिला आणि सुरुवात केली. हे गाणं तिच्या आवडीचं होतं. त्यात ती इतकी रमली की वेटर जवळ येऊन काहीतरी सांगतोय हे तिला दोनदा कळलंच नाही. तिसऱ्यांदा त्याने तिच्या खांद्याला हात लावला.

"मॅडम, तुमचे भाऊ तिकडे पडलेत."

दादा स्वच्छतागृहाबाहेर फरशीवर कुशीवर पडला होता. ओकारी झाली होती. डोळे घट्ट मिटलेले. "हलवू नका मला," तो पुटपुटत होता. "सगळं फिरतंय." आणि मग, तिचा हात हाताला लागल्यावर, "किती वेळ लावलास गं."

इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं. कानाच्या आत पाणी असतं, त्याचा दाब वाढतो. मग चक्कर येते, कानात घूं घूं होते, आणि एका कानाला सूर भलताच ऐकू येतो. गोळ्या घ्यायच्या, मीठ कमी करायचं. चक्कर आटोक्यात येईल. ऐकणं कधी सुधारेल, कधी बिघडेल. पहिल्यासारखं होईल, असं वचन त्या देऊ शकत नव्हत्या.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती. मुंगी शेजारी टेकली.

"डॉक्टर म्हणतात, हे काही आजचं नाही," वहिनी म्हणाली. "तुला माहीत होतं?"

मुंगी म्हणाली, "हो. त्याने शपथ घातली होती."

"छान. भावाबहिणीचं गुपित. आणि मी काय त्या घरात भाड्याने राहते?" वहिनीचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "रस्ता ओलांडताना पडला असता म्हणजे? मग शपथ कुठे ठेवली असतीस?"

 आणि हॉटेलातल्या त्या दुसऱ्या गाण्याचं तर वहिनीला माहीतही नव्हतं. दादा फरशीवर पडला होता तेव्हा मुंगी सुखात होती. नुसती वाजवत नव्हती, सुखात होती. ते सुख आठवलं की अजूनही बोटं शिवशिवायची, आणि मग स्वतःचीच किळस यायची.

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर निघून ती मास्तरांकडे गेली. दारातच सगळं सांगून टाकलं. मास्तर चष्मा काढून काच पुसू लागले.

"म्हणजे माझा सूर बरोबर होता."

"अगदी बरोबर होता, मास्तर."

"आणि तुला ते तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"मी त्या दिवसापासून बासला हात लावला नाही," मास्तर म्हणाले. "रोज रेडिओ लावतो आणि सूर ओळखतो का ते बघतो. बायको म्हणते, वेड लागलंय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चहा घेणार असशील तर आत ये. नाहीतर गुरुवारी भेटू." मुंगी आत गेली.

दादा घरी आला, पण मुंगीशी बोलेना. ती गेली की तो झोपलेला असायचा. भाची दार उघडायची आणि डोळे मोठे करून कुजबुजायची, "आत्या, बाबा आत्ताच झोपले. खरंच झोपले." असं तीन-चारदा झाल्यावर एका शनिवारी मुंगी सरळ आतल्या खोलीत गेली. दादा जागाच होता. पियानोपुढे, दाराकडे पाठ करून बसला होता.

"ये," तो म्हणाला. "ड्रमर येऊन गेला. फार कौतुक करत होता. म्हणाला, त्या दिवशी पहिल्यांदा गिटार ऐकू आलं."

"दादा, मी दुसरं गाणं सुरू करायला नको होतं."

"मी भिंतीपलीकडे आडवा होतो. ऐकत होतो. म्हणजे जे काही ऐकू येत होतं ते. मला वाटलं, आता थांबेल, आता थांबेल. मग तू पुढच्याचा ठेका मोजलास."

मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्या तळाशी रागही होता, तिला स्वतःलाच अनपेक्षित. "आणि तू? इतकी वर्षं मला अर्धंच शिकवलंस. मी विचारलं की म्हणायचास, मी आहे ना."

"हो."

"हो काय?"

"अर्धंच शिकवलं. पूर्ण शिकवलं असतं तर मी काय वाजवलं असतं?" तो हे इतक्या सरळपणे म्हणाला की तिला पुढे भांडताच येईना. वहिनी दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघून पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

"गिटार आणलंयस?" दादाने विचारलं.

"खाली गाडीत आहे."

"आण."

ती घेऊन आली. दादाने उजव्या कानात कापूस कोंबला, खुर्ची अशी फिरवली की डावा कान तिच्याकडे यावा, आणि तरीही तो ऐकत नव्हता. तिच्या बोटांकडे बघत होता.

"पाचव्या फ्रेटवर आडवं बोट. खालच्या चार तारा. सूर सांग."

"जी, सी, ई, ए."

"हे घर. आता चौघांनाही एकेक पायरी वर न्यायचं. पण आठ सुरांच्या जिन्याने, सातच्या नाही. जी नंतर काय येतं?"

"जी शार्प, तो जास्तीचा. मग सी चा डी, ई चा एफ, ए चा बी." तिची बोटं सहाव्या आणि सातव्या फ्रेटवर आलटून पालटून बसली.

"हे बाहेर. उरलेले चार सूर. अजून एक पायरी."

"ए, ई, जी, सी." ती थांबली. "पुन्हा घर."

"जिना संपेपर्यंत असंच. घर, बाहेर, घर, बाहेर. आठ सम आहे म्हणून चुकत नाही. सात असते तर दुसऱ्या फेरीला सगळं सरकलं असतं. मास्तरांना विचार, ते फळ्यावर काढून दाखवतील." मास्तरांचं नाव तोंडी आल्यावर तो जरा चपापला. मग पुढे म्हणाला, "आता घरात एक पाहुणा आण. वरचा ए सोड, त्या जागी बाहेरचा बी घे. करंगळीने. हं. ऐक, तो पाहुणा बसलाय पण चुळबुळतोय. त्याला परत पाठव. असे कुठल्याही तारेवर आणता येतात. एक आण, दोन आण. पण उगाच गर्दी करू नकोस."

ती वाजवत गेली. पाहुणा वरच्या तारेवर, मग मधल्या तारेवर. कधी तो घराकडून बाहेर जायचा, कधी बाहेरचा घरात यायचा. इतक्या वर्षांचं अंधुक एका दुपारी लख्ख होत होतं. एका ठिकाणी तिने जी च्या जागी जी शार्प घेतला आणि तिच्या अंगावर काटा आला. तिने हसून वर पाहिलं. दादाचा चेहरा वेदनेने आवळला होता.

"दुखतंय?"

"नाही. घाण वाजतंय," तो म्हणाला. "तू बरोबर वाजवतेयस, बोटं बरोबर आहेत, मला दिसतंय. आणि कानात चिखल येतोय. थांब आता. बस झालं." त्याने हात असा झटकला की तिला वाटलं गिटारवरच बसेल. "जा म्हटलं ना!"

ती गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. असे बरेच शनिवार झाले. काही दिवस तो छान शिकवायचा, चेष्टा करायचा, तिच्या करंगळीला 'आळशी सून' म्हणायचा. काही दिवस पहिल्याच कॉर्डला तिला घालवून द्यायचा. वहिनी जाताना तिच्या हातात डबा द्यायची, मीठ बेताचंच असलेला. वहिनीचा राग गेला नव्हता, पण डब्यापुरता तो बाजूला ठेवता येत होता.

रविवारी हॉटेलात आता गिटार, बास आणि ड्रम असे तिघं वाजवत. पियानो बंद झाकणाने कोपऱ्यात असायचा. मॅनेजर काही म्हणाला नाही. मास्तर बासवर पूर्वीपेक्षा सावध झाले होते, दर गाण्याआधी सूर दोनदा तपासायचे. मुंगीला ते बघवत नसे.

एका गुरुवारी दादा न कळवता सरावाला आला. जिना तो वहिनीचा हात धरून चढला. मास्तरांसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मी चुकलो." मास्तरांनी मान हलवली. "बस, बस," म्हणाले. तेवढंच. दादा बसला आणि मग त्याने आल्याचं खरं कारण सांगितलं.

"पुढच्या महिन्यापासून पियानोवर माझी एक जुनी विद्यार्थिनी येईल. हात चांगला आहे. मी तिला सगळी गाणी सांगितलीयत."

ड्रमरने ब्रश खाली ठेवले. मुंगीला आधी समजलंच नाही. "मग मला का शिकवलंस?"

"गिटारने पियानोच्या वाटेत यायचं नसेल, तर वाट माहीत असायला हवी ना."

तो हे चांगुलपणाने म्हणत होता, हेच सगळ्यात वाईट होतं. त्याच्या मनात बँड म्हणजे पियानो होता. पियानो रिकामा राहिला तर आपण मेल्यासारखं त्याला वाटत होतं. मुंगीला हे सगळं दिसत होतं. चष्म्याच्या दुकानात वर्षं काढल्यावर समोरच्याला कुठपर्यंत दिसतं हे लवकर कळतं. आणि तरीही तिच्या तोंडून आलं:

"नको."

"काय नको?"

"पियानो नको, दादा. आम्ही तिघं वाजवू."

तो मास्तरांकडे वळला. मास्तर बासच्या तारा पुसत होते, पुसतच राहिले. ड्रमर जमिनीकडे बघत होता. वहिनीने एकदाच मुंगीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मुंगीला नीट कळलं नाही, पण तो राग नव्हता.

"बँड मी काढला," दादा म्हणाला.

"हो, तूच काढलास."

"आणि तू मला नको म्हणतेस."

"तुला नाही म्हणत."

"एकच आहे ते," दादा म्हणाला, आणि उठला. जिन्यावर त्याची आणि वहिनीची पावलं हळूहळू उतरत गेली. मधे एकदा थांबली. मुंगी दारापर्यंत गेली, पण खाली गेली नाही. मग मास्तरांनी विचारलं, "कुठून सुरू करू या?" आणि तिने सूर सांगितला. त्या संध्याकाळी तिने खूप वाईट वाजवलं.

शनिवार बंद झाले. मुंगी फोन करायची, वहिनी उचलायची, तब्येत सांगायची. चक्कर आता क्वचित येते. घूं घूं आहेच. उजवा कान खूप कमी झालाय, पण त्यामुळे ते दोन पियानोंचं भांडण मात्र मिटत चाललंय. एका कानावर तो हळूहळू काहीतरी वाजवतो, दार लावून. "ये म्हणून नाही सांगत मी तुला," वहिनी म्हणायची. "नको येऊस असंही नाही."

हॉटेलात लोक येत राहिले. एका संथ गाण्याच्या शेवटच्या ओळीला मुंगीने स्वतःची अशी एक वाट बसवली होती. सरळ घरात न येता ती दोन पाहुणे घेऊन दारात जरा रेंगाळायची आणि मग एकेकाला सोडायची. मास्तर म्हणायचे, इथे मला मात्रा मोजायचं भानच राहत नाही.

पानगळ सुरू झाली त्या सुमारास, एका सोमवारी, ती दुकानात एका आजोबांना भिंग दाखवत होती तेव्हा फोन वाजला. दादाच होता. ना कशी आहेस, ना काही.

"त्या संथ गाण्यात शेवटी काय वाजवतेस?"

मुंगीने भिंग आजोबांच्या हातात दिलं. "तू आला होतास?"

"मागच्या दाराशी होतो. थोडा वेळ. सूर सांग."

तिने सांगितले. आजोबा भिंगातून कॅलेंडर वाचायला लागले. पलीकडे दादा पियानोवर एकेक सूर दाबत होता, ते फोनमधून बारीक ऐकू येत होतं. त्याने चारही सूर एकत्र धरले, सोडले, पुन्हा धरले.

"चुकीचं आहे हे," तो शेवटी म्हणाला. "दोन पाहुणे एकदम सुटायला हवेत. तू एकाला मागे ठेवतेस."

"मला तसंच आवडतं, दादा."

तो रागावून फोन ठेवेल असं तिला वाटलं. मग मागून भाचीचा आवाज आला, काहीतरी दाताबद्दल, आणि दादा तिला म्हणाला, "अगं थांब, आत्याशी बोलतोय." मग पुन्हा फोनमध्ये, "हिचा दात हलतोय, कालपासून घर डोक्यावर घेतलंय. रविवारी मला जमेल असं वाटत नाही. त्या हॉटेलचा आवाज सहन होत नाही मला."

"बरं."

"शनिवारी अजून दुकान असतं का तुझं?"

"दुपारपर्यंत."

"हं," दादा म्हणाला, आणि वहिनीला फोन दिला.